चाचाच्या बेकरीतला ई-रुपया

रत्नागिरीत ई-रुपया सगळ्यात आधी कोणी वापरला, असं उद्या कोणी विचारलंच तर लोक माझ्याकडे बोट दाखवतील. निदान आमच्या आळीतले तरी नक्कीच दाखवतील. पण त्यामागे तंत्रज्ञानाची आवड वगैरे काही नव्हतं. मला बायकोला कळू न देता नानकटाई खायची होती.

मी तेहतीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होतो. देवरूख केलं, संगमेश्वर केलं, शेवटची काही वर्षं वेळणेश्वरची मुक्कामाची गाडी केली. नोकरी संपली, पण लोक अजून मला 'मास्तर'च म्हणतात. निवृत्तीनंतर चारच महिन्यांनी डॉक्टरांनी रक्ताचा कागद बघून साखर असल्याचं सांगितलं. "गोड बंद, मैदा बंद, बेकरीचं तर नावच काढू नका." बोलत होते माझ्याशी, पण बघत होते बायकोकडे. कोणाला सांगून उपयोग आहे, ते डॉक्टरांना चेहऱ्यावरून समजतं.

माझी बायको ब्लाउज शिवते. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली तिची मशीन असते. अख्ख्या आळीच्या बायकांची मापं तिच्या डोक्यात असतात आणि कोणाची कंबर कधी वाढली हे त्या बाईच्या आधी हिला समजतं. अशा बाईपासून काही लपवणं अवघड. त्यातून एटीएमचं कार्ड तिच्या पर्समध्ये. मी फोनवरून पैसे द्यायला शिकलो होतो, पण दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती बँकेत जाऊन पासबुक छापून आणायची आणि दुपारी चष्मा लावून ते वाचायला बसायची.

"हे वीस रुपये कसले?"

"कुठले?"

"हे इथे. बेकरीचं नाव आहे."

"पाव घेतला असेन."

"पाव मी आणते." तिने पान उलटलं. "हे परत वीस. आणि हे चाळीस. चाळीस रुपयांचा पाव कोण खातं?"

पूर्वी माणूस टपरीवर उभा राहून काही खायचा, तोंड पुसायचा आणि घरी यायचा. आता त्याने काय खाल्लं ते बँक छापून देते.

त्या वर्षी संक्रांत झाल्यावर आम्ही महिनाभर लेकीकडे मुंबईला राहिलो. लेक बँकेत आहे. माझं पेन्शनचं खातंही तिच्याच शाखेत आहे, कारण कागदपत्रं वगैरे तीच बघते. एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, एक नवीन आलंय. ई-रुपया. काही ठरावीक ग्राहकांनाच देतायत आत्ता. तुम्हाला मेसेज आलाय. घ्यायचा का?"

"म्हणजे फोनवरून पैसे द्यायचे तेच ना?"

"नाही. त्यात पैसे खात्यात असतात आणि खात्यातून जातात. हे म्हणजे खरे पैसेच, फक्त फोनमध्ये ठेवलेले. खात्यातून एकदा पाचशे काढून ह्या पाकिटात टाकले की संपलं. पुढे तुम्ही ते कुठे दिलेत ते पासबुकात येत नाही. रोख रकमेसारखं."

मी चहाचा कप खाली ठेवला. "काय येत नाही म्हणालीस?"

"पासबुकात फक्त पाचशे काढले एवढंच येतं."

बायको आत भाजी निवडत होती. मी आवाज बारीक करून म्हटलं, "घे. आत्ताच घे."

लेकीने अ‍ॅप टाकून दिलं आणि दोन हजार रुपये त्यात भरले. पाकीट उघडलं तर आत चक्क नोटा. पाचशेची राखी, शंभरची फिकट जांभळी, वीसची पिवळट, आणि खाली एक रुपयाची नाणीसुद्धा. पैसे द्यायचे म्हणजे नोट बोटाने वर सरकवायची. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे शंभराची नोट असताना पस्तीस द्यायचे असले तर सुट्टे फोनच करून देतो. मला भरूनच आलं. तेहतीस वर्षं मी सुट्ट्यांवरून भांडलो होतो. पाचशेची नोट दाखवून साडेआठ रुपयांचं तिकीट मागणारी माणसं माझ्या स्वप्नात येत. देवळाच्या पेटीतली चिल्लर आणायला मी पुजाऱ्यांशी ओळखी काढल्या होत्या. आणि इथे एक यंत्र बिनबोभाट सुट्टे देत होतं.

बायकोला मी सांगितलं की सरकारने नवीन पैसे काढलेत आणि शिकून घेतो आहे. "शिका," ती म्हणाली. "बसून तरी काय करणार?"

असा मी फोनमध्ये एकूण दोन हजारांच्या नोटा घेऊन रत्नागिरीत उतरलो, आणि दुसऱ्याच दिवशी कळलं की त्या घ्यायला गावात कोणी नाही.

पहिली फजिती सलूनमध्ये झाली. दाढी झाली, मान झाली, सलूनवाल्याने डोक्याला तेलसुद्धा लावलं. मी ऐटीत फोन काढून आरशाजवळच्या त्याच्या क्यूआरवर धरला. फोनवर लाल अक्षरं आली. परत धरला. परत लाल अक्षरं. तेव्हा तसंच होतं, ई-रुपया फक्त ई-रुपयाचं पाकीट असलेल्यालाच देता यायचा. बाजारात भिंतीभिंतीवर चिकटवलेले ते चौकोन ह्या पैशांच्या कामाचे नव्हते. ते चालायला नंतर लागले.

"रेंज नाही वाटतं," सलूनवाला म्हणाला.

"रेंज आहे. पैसे वेगळे आहेत."

"वेगळे म्हणजे?"

मी त्याला समजावायला लागलो. मागे तीन गिऱ्हाइकं बसलेली, तीही ऐकायला लागली. शेवटी त्यातल्या एकाने शांतपणे विचारलं, "मास्तर, म्हणजे पैसे आहेत, पण चालत नाहीत, असंच ना?" सगळे हसले. मी साध्या पद्धतीने पैसे दिले आणि बाहेर पडलो. ते पासबुकात आले. दाढीचे होते म्हणून वाचलो.

मग मिरकरवाड्याला मासळीवर गेलो. जेटीच्या वाटेवर एक मावशी बांगडे घेऊन बसायची. तिच्या पाटीशेजारी पुठ्ठ्यावर क्यूआर लावलेला होता. मला एव्हाना तो चालणार नाही हे माहीत होतं, पण म्हटलं नंबरवरून जमतंय का बघू.

"मावशी, तुमच्या फोनात ई-रुपया आहे?"

"काय हाय?"

मी तिला माझं पाकीट उघडून दाखवलं. तिने ओले हात लुगड्याला पुसले आणि डोळे बारीक करून नोटा बघितल्या. "शंभराची हाय की. काढ नि दे."

"ती निघत नाही बाहेर."

"निघत नाय ती नोट कसली रे? फोटू हाय तो." आणि शेजारणीकडे वळून, "गो, ह्यो बघ, नोटेचा फोटू दाखवून बांगडं मागतोय!"

त्या दिवसापासून मिरकरवाड्यात मी गेलो की कोणीतरी विचारायचं, "मास्तर, आज फोटू आणलात काय?"

लेकीला फोन केला. ती हसून म्हणाली, "बाबा, परत खात्यात टाका ना. एक मिनिटाचं काम आहे." पण मी हट्टाला पेटलो होतो. तेहतीस वर्षांत मी एकही मुक्कामाची गाडी अर्ध्या वाटेतून परत आणली नव्हती. म्हटलं, एवढ्या मोठ्या गावात ह्या नोटा घेणारा एक तरी माणूस सापडेलच.

सापडला, आणि तोही नको तिथेच.

राजिवड्याच्या रस्त्याला चाचाची बेकरी आहे. चाचा जहाजावर स्वयंपाकी होता. पंचवीस वर्षं बोटीवर आणि पुढे काही वर्षं आखातात एका कंपनीच्या छावणीत त्याने रांधून घातलं. मग घरी येऊन भट्टी टाकली. आमचं वय जवळपास सारखंच, पण अख्खा रस्ता त्याला चाचा म्हणतो म्हणून मीही म्हणतो. त्याच्या काउंटरवर काचेची एक बरणी आहे, तिच्यात देशोदेशींची नाणी. त्याच्या हातची नानकटाई तोंडात ठेवली की विरघळते. वरती वेलची, मध्ये तूप, खाली थोडीशी करपलेली. डॉक्टर म्हणाले होते, नावच काढू नका.

मी चाचाला माझी रडकथा सांगितली. तो भट्टीवरचा ट्रे काढत होता. म्हणाला, "थांब थांब. काय नाव म्हणालास? असाच एक मेसेज मला पण आला होता. मी समजलो चोर आहे कोणीतरी."

"तुझं खातं कुठलं?"

"मुंबईचं. जहाजावर पगार यायचा तेच."

माझ्याच बँकेचं निघालं. मी त्याचा फोन घेतला आणि त्या दुपारी आणि दुसऱ्या दुपारी, भट्टीच्या उष्म्यात घाम पुसत, आम्ही दोघांनी मिळून ते पाकीट चालू केलं. पिन ठरवताना चाचाने मला पाठमोरं उभं केलं. मग मी एक चहा आणि दोन नानकटाया घेतल्या आणि वीसची नोट वर सरकवली. त्याचा फोन टिंग वाजला.

चाचाने बघितलं. फोन उलटा केला, सुलटा केला. मग दाराशी जाऊन फोन उजेडात धरला आणि एक डोळा मिटून त्याच्याकडे बघितलं.

"काय करतोयस?"

"सवय आहे बाबा. आतली तार बघितल्याशिवाय नोट घेत नाही मी." आणि मग हसत सुटला. "मास्तर, अकरा देशांच्या नोटा हाताळल्या मी. ही बारावी. ह्या बरणीत मात्र हिला टाकता येणार नाही."

पुढचे दोन महिने मजेत गेले. रोज चार वाजता मी फिरायला निघायचो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं. चालत चालत राजिवड्याच्या रस्त्याला जायचो, चहा घ्यायचो, दोन नानकटाया खायचो, वीसची नोट सरकवायचो. पासबुक कोरं. बायको महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चष्मा लावून वाचायची, दोन हजारांची ती एक ओळ बघायची आणि विचारायची, "हे ते शिकण्याचे ना?" मी मान हलवायचो.

पण चाचाच्या डोक्याला एक नवीन भुंगा लागला होता. एक दिवस म्हणाला, "मास्तर, तू मला ह्या नोटा देतोस. मी कोणाला देऊ? मैदेवाला घेत नाही. गॅसवाला घेत नाही. घरी पोरगा हसतो. गावात आपण दोघंच."

"परत खात्यात टाक. एक मिनिटाचं काम आहे," मी लेकीचं वाक्य त्याला दिलं.

"मग मजा काय राहिली? पैसा हातातून हातात गेला पाहिजे. आमच्या बोटीवर एकदा..." आणि तो एक लांबलचक गोष्ट सांगायला लागला, ज्यात सतरा खलाशी सिगारेटी हेच चलन धरून महिनाभर पत्ते खेळले होते. ती संपल्यावर त्याचे डोळे चमकले. "माझ्या नातीचा ईदचा शरारा वहिनींकडे शिवायला टाकलाय. शिलाई सातशे सांगितलीय त्यांनी. ती मी तुला ह्यातच देतो. फिरला की नाही पैसा?"

मला तेव्हा एवढंच दिसलं की सातशे रुपये माझ्या पाकिटात परत येतायत. सातशे म्हणजे किती नानकटाया, तेही मनातल्या मनात दिसलं. म्हटलं, "दे." त्याने वीसच्या पस्तीस नोटा सरकवल्या. माझा फोन टिंग वाजला, आणि आम्ही दोघांनी हात मिळवले. मला त्यात कुठे काही चुकतंय असं वाटलंच नाही. चाचालाही नाही.

शरारा तयार झाल्यावर चाचाची सून घेऊन गेली. त्या दिवशी मी फिरून घरी आलो तर बायको मशीनवर बसलेली, पण मशीन बंद.

"चाचांच्या सुनेने शिलाई दिली नाही. म्हणाली, अब्बांनी मास्तरांना दिली."

"हो हो. आली आहे. माझ्या फोनमध्ये आहे."

"त्या शिकायच्या पैशांमध्ये?"

"त्याच."

"बरं." तिने मांडीवरच्या कापडाच्या तुकड्याची घडी केली. "तुम्हीच म्हणाला होतात, गावात ते पैसे तुमच्याशिवाय कोणाकडे नाहीत. सलूनमध्ये चालले नाहीत, मासळीवर चालले नाहीत."

"हो."

"मग चाचांकडे सातशे रुपये आले कुठून?"

एखाद्या विनातिकीट प्रवाशाला चेकरने पकडावं आणि त्याने खिसे चाचपत राहावं, तसं माझं झालं. मी म्हटलं, "त्यांनी खात्यातून भरले असतील."

"त्यांची सून म्हणाली, अब्बांकडे ह्या नोटा मास्तरांकडूनच येतात. रोज वीस." ती माझ्याकडे बघत होती. आवाज अजिबात चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "रोज वीस. दोन महिने. म्हणजे रोज काय खात होता?"

"दोन नानकटाया," मी म्हणालो. "आणि साखरेचा चहा."

मला वाटलं ती ओरडेल. तिने मशीनवर आच्छादन टाकलं, आत गेली आणि पोळ्या लाटायला लागली. जेवण झालं, भांडी झाली, ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काहीतरी विनोद केला, तोही वाया गेला. असे बोलणं बंद असलेले दोन दिवस आमच्या संसारात पूर्वीही आले होते, पण तेव्हा ती रागावलेली दिसायची. ह्या वेळी ती घाबरलेली दिसत होती आणि मला त्याचं कारण समजत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती हेमिंग करत होती. मी समोर खुर्चीत पेपर धरून बसलो होतो. ती मान वर न करता म्हणाली, "आमचे अण्णा शिंपी होते, ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. संगमेश्वरच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. आमच्या लग्नापर्यंत ते दुकान बंद झालं होतं आणि अण्णा घरात बसून असत, दिसायचं नाही त्यांना. मोतीबिंदू बिघडला असं मला कोणीतरी सांगितलं होतं आणि मी पुढे कधी विचारलं नव्हतं.

"मोतीबिंदू नव्हता तो," ती म्हणाली. "साखर होती. गिऱ्हाइकं पेढे आणून द्यायची, लग्नाचे कपडे नेताना. अण्णा ते गल्ल्याखाली ठेवायचे आणि आई नसताना खायचे. मला माहीत होतं. मला पण एक द्यायचे, कोणाला सांगू नको म्हणून. मी सांगितलं नाही."

मी पेपर खाली ठेवला.

"सोळा वर्षांची होते मी. एक दिवस म्हणाले, बाय, जरा सुईत दोरा ओवून दे. मला गंमत वाटली, एवढा मोठा शिंपी आणि दोरा ओवता येत नाही. मग दुसऱ्या दिवशी परत. मग रोज. मग म्हणाले, तूच बस मशीनवर, मी सांगतो तसं काप. असं शिकले मी शिवायला. लोक विचारतात ना, इतकी छान शिलाई कुठे शिकलात? असं शिकले."

तिचा हात चालूच होता. टाके सगळे सारखे पडत होते. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आमच्या, आणि ती मशीन मी रोज बघत होतो.

"तू कधी बोलली नाहीस," मी म्हटलं.

"तुम्हाला साखर नव्हती तेव्हा."

मी उठून आत गेलो, फोन घेऊन आलो आणि ते पाकीट उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. "हे बघ. सगळं ह्यात लिहिलेलं असतं. कोणाला कधी किती. पासबुकात येत नाही, पण इथे येतं." तिने चष्मा लावला आणि खालपर्यंत सगळं वाचलं. वीस, वीस, वीस, एका रविवारी चाळीस.

"हा रविवार कसला?"

"त्या दिवशी अवकाळी पाऊस होता. तिथेच अडकलो."

ती हसली नाही, पण तिच्या ओठाची एक बाजू हलली. मला तेवढं पुरेसं होतं.

चाचाला मी सगळं सांगितलं. तो संध्याकाळी धुतलेला पांढरा सदरा घालून आमच्या घरी आला, दाराशीच उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, हा मास्तर मला बोलला नाही की त्याला साखर आहे. खुदा कसम. मी जहाजावर डॉक्टरच्या कागदाप्रमाणे रांधलेलं आहे. एकाला मीठ नको, एकाला तेल नको. मला सांगितलं असतं तर चहा पण फिका दिला असता."

"बसा," बायको म्हणाली. "चूक तुमची नाही."

"आहे. माझ्या भट्टीतलं आहे ना ते." तो बसला. "मी त्याच्यासाठी वेगळं काहीतरी बनवतो. नाचणीचं. साखर नाही, मैदा नाही."

आठवड्याभराने त्याने ती बिस्किटं आणली. मी एक चावलं आणि दाढ सांभाळत खाली ठेवलं. चाचाने स्वतः एक चावून बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "ह्याने होडीची फट बुजवता येईल." दुसरा घाणा जरा बरा झाला. तिसऱ्यात त्याने शेंगदाण्याचं कूट आणि जिरं घातलं आणि खारं केलं. ते खरंच चांगलं लागत होतं. बायकोने अर्धं खाऊन डॉक्टरांना विचारलं आणि मग आठवड्यातून तीन दिवस एक एक अशी परवानगी दिली.

त्याच वेळी तिने आणखी एक गोष्ट केली. म्हणाली, "ते पाकीट माझ्या फोनमध्ये पण टाका." माझा चेहरा पडला असणार, कारण ती लगेच म्हणाली, "तुमच्यावर पाळत ठेवायला नाही. चाचांची सून आता ईदनंतर दोन ब्लाउज टाकणार आहे. ते पैसे माझे आहेत. माझ्याकडेच यायला हवेत."

आमचं खातं दोघांच्या नावावर होतं, त्यामुळे लेकीने खटपट करून तिलाही ते मिळवून दिलं. मग गावात आम्ही तिघं झालो. मी चाचाला बिस्किटाचे द्यायचो, चाचा तिला शिलाईचे द्यायचा, ती मला भाजीला द्यायची आणि मी ती भाजी साध्या पैशांनी आणायचो, कारण भाजीवाला अजून घेत नव्हता. एखादी पन्नासची नोट आमच्या तीन फोनांत आठवडाभर फिरायची. चाचा म्हणायचा, "हीच ती, मी ओळखतो हिला."

वर्षाच्या आतच ते सगळं बदललं. अ‍ॅप नवीन झालं आणि भिंतीवरचे नेहमीचे क्यूआर त्याला चालायला लागले. सलूनमध्ये चाललं, भाजीवाल्याकडे चाललं, औषधाच्या दुकानात चाललं. एक दिवस मी मिरकरवाड्याला बांगडे घेतले आणि फोन पुठ्ठ्यावर धरला, तर मावशीच्या छोट्या डब्यातून पैसे मिळाल्याचा आवाज आला. तिला त्यात नवीन काहीच वाटलं नाही. मी तिला सांगायला गेलो की हे तेच पैसे, ती म्हणाली, "सरक जरा बाजूला, मागं गिऱ्हाईक हाय."

चाचाला मात्र जरा चुकल्यासारखं झालं. "आता सगळेच आले," तो म्हणाला. जसं काही आम्ही तिघं एखाद्या छोट्या बोटीवर होतो आणि ती धक्क्याला लागून माणसं खाली उतरून गेली.

गेल्या महिन्यात डोळे तपासायला गेलो. साखरवाल्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा बघून घ्यायचा असतो, ते आता बायको विसरू देत नाही. मारुती मंदिराजवळच्या दवाखान्यात आम्ही दोघं बसलो होतो. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, परत अर्ध्या तासाने घातले आणि थोड्या वेळात समोरचं सगळं वितळल्यासारखं झालं. भिंतीवरचं कॅलेंडर म्हणजे रंगाचा नुसता डाग. बायको माझ्या शेजारी पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत नव्हता, म्हणजे ती अजिबात हलत नव्हती.

डॉक्टरांनी आत बोलावलं. हनुवटी त्या यंत्रावर टेकवली, डोळ्यात प्रखर उजेड सोडला, वर बघा, खाली बघा, डावीकडे बघा. मग म्हणाले, "पडदा स्वच्छ आहे. पुढच्या वर्षी या."

"म्हणजे काही नाही?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"दोन्ही डोळ्यांत?"

"दोन्ही."

"परत एकदा बघता का?" ती म्हणाली. डॉक्टर भले माणूस. त्यांनी खरंच परत एकदा बघितलं.

बाहेर काउंटरवरच्या मुलीने पैसे सांगितले. मी फोन काढला आणि मला स्क्रीनवर धुक्याशिवाय काही दिसेना. मी तो बायकोच्या हातात दिला. "तुला जमेल?"

"माझ्यात पण तेच आहे," ती म्हणाली. मग पाकीट उघडून मला वाचून दाखवायला लागली, "पाचशेची एक आहे. शंभरच्या तीन. वीसची एक. दहाच्या दोन." काउंटरवरची मुलगी थांबून ऐकत राहिली. बायकोने पिन विचारला, मी तिच्या कानात सांगितला, आणि एक क्षण तिने काहीच केलं नाही.

"काय झालं?"

"आपल्या लग्नाची तारीख?"

"लक्षात राहते म्हणून," मी म्हटलं.

तिने पिन टाकला. पैसे गेले, मुलीने पावती दिली. बाहेर दुपारचं ऊन इतकं लखलखीत होतं की मला डोळे उघडता येईनात. बायकोने माझं मनगट धरलं आणि आम्ही रस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. रिक्षा आली तेव्हा तिने मला आधी आत चढवलं. "पायरी आहे, सांभाळून," म्हणाली, आणि मग शेजारी बसून रिक्षावाल्याला घराचा पत्ता सांगायला लागली.